आजीला सोडून जायचा धडा

माझ्या नोकरीला धड नाव नव्हतं. कागदावर 'सुरक्षा शिक्षिका' असं काहीतरी होतं, पण गावात ते कुणी कधी उच्चारलं नाही. अर्जुनी मोरगावच्या बाजूला मला 'लुनावाली म्याडम' म्हणत, कारण माझी लुना लांबूनच ऐकू यायची. देवरीकडे 'सापवाली बाई' म्हणत, कारण माझ्याजवळ सापांच्या चित्रांची गुंडाळी असे. एका गावात तर पारावरचे म्हातारे मी दिसले की म्हणायचे, 'आली पाहा, मरू नका म्हनून सांगनारी.' मला हे नाव सगळ्यात आवडलं. माझं काम खरंच तेवढंच होतं. लोकांना मरू नका म्हणून सांगायचं, आणि त्यांना राग येणार नाही अशा बेतानं सांगायचं.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच सुमारास मी एका लहानशा संस्थेत लागले. काम हंगामाप्रमाणे बदले. पावसाळ्यात साप आणि तलाव. धान निघालं की मळणीयंत्रात अडकणारे पदर आणि दुपट्टे. थंडीत शेकोट्या. मग फागुन-चैतात जंगल. दरवर्षी तेच, आणि दरवर्षी नव्यानं सांगावं लागे. ज्याचं काही झालं नाही तो म्हणे, 'पाहा, काहीच तं झालं नाही', आणि ज्याचं झालं तो सांगायला उरत नसे. आमच्या धंद्यात यश दिसत नाही. जे पोर बुडलं नाही त्याचा फोटो कुणी छापत नाही, आणि त्याच्या आईलाही माहीत नसतं की ते बुडणार होतं.

वरून ठरून आलं होतं की दोन वर्ग घ्यायचे. सकाळी शाळेत पोरांचा, दुपारी समाजमंदिरात म्हाताऱ्यांचा. मधल्या वयाची माणसं कामावर जातात, तेव्हा घरी राहतात ही दोन टोकं, आणि अपघात जास्त त्यांनाच होतात. म्हणून त्यांना शिकवायचं. विचार चांगला होता. कागदावर तर फारच चांगला होता.

पोरांचा वर्ग सोपा. ती हसतात, ओरडतात, पण सांगितलेलं डोक्यात ठेवतात. म्हाताऱ्यांचा वर्ग म्हणजे डोकेफोड. निम्मे झोपायचे. उरलेले म्हणायचे, 'आता आमचं काय राह्यलं बाई, आज ना उद्या जानारच.' या वाक्याची मला इतकी चीड होती की सांगता सोय नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, 'जायचं तर जा, पण जाताना नातवाला बरोबर नेऊ नका.' मला वाटलं, आता बाया पदर खोचून उठतात. पण एक म्हातारी हळूच म्हणाली, 'हे बरोबर हाय.' त्या दिवशी त्यांनी वर्ग शेवटपर्यंत ऐकला.

माझ्या त्या वाक्यामागे एक कारण होतं. रेल्वेच्या कडेच्या एका गावात पटरीच्या अलीकडे घरं आणि पलीकडे शेतं होती. मालगाडी उभी असली की लोक फाटकापर्यंत जात नसत, डब्याखालून वाकून पलीकडे निघत. वर्षानुवर्षांची सवय. मी शाळेत पोरांना घोकून घोकून शिकवलं की उभी गाडी कधी हलेल हे तिच्या ड्रायव्हरशिवाय कुणाला कळत नाही. दुसऱ्याच दिवशी एक आजोबा नातवाला घेऊन डब्याखाली शिरायला लागले. नातवानं त्यांचं धोतर धरून ओढलं आणि म्हणाला, म्याडमनं नको म्हटलं. आजोबांनी काय करावं? पोराच्या थोबाडीत मारली, त्याची मान धरली आणि त्याला डब्याखालून पलीकडे घेऊन गेले. गाडी हलली नाही, नशीब त्यांचं. मी भांडायला गेले तर आजोबा शांतपणे म्हणाले, 'पोट्ट्यानं आपल्याले शिकवावं का?' पोराला धडा येत होता, पण आजोबांना थांबवायचा हक्क त्याला नव्हता. आमच्या दोन वर्गांच्या मधे हे सगळं राहून जात होतं.

हे मला नीट समजलं ते एका टोल्यावर. टोला म्हणजे मोठ्या गावापासून फुटलेली चार घरं. हा टोला देवरीच्या पुढं, छत्तीसगडच्या बाजूला, जंगलाला अगदी खेटून. आम्ही त्याला नुसतं 'टोला'च म्हणायचो. तिथं भागरता नावाची एक म्हातारी राहायची, आणि तिची नात मंदा. मंदाचे आईबाप धान कापून झालं की बांधकामावर रायपूरकडे जात ते मिरगाच्या तोंडावर परत येत. तोवर घरात या दोघीच. म्हातारीचे गुडघे गेलेले. काठी टेकत चालायची, बसली की उठायला मंदाचा खांदा लागायचा. मंदा तिसरीत होती. पोरगी अबोल, पण आजीचं लुगडं धरून सगळीकडे असायची.

बाहेरच्या वाचकांसाठी मोहाच्या झाडाचं थोडं सांगते. चैताच्या आगेमागे पहाटेपासून मोहाची फुलं टपटप खाली पडतात. ती वेचायची, अंगणात वाळवायची, काही खायची, काही विकायची. टोल्यावर वर्षाचं तेलमीठ त्यातून निघतं. कुठला मोह कुठल्या घराचा हे आज्यापणज्यापासून ठरलेलं असतं, आणि त्यावर लेखी काही नसलं तरी कुणी मोडत नाही. मात्र जनावरांना हा करार ठाऊक नसतो. हरणं येतात, गायी येतात, आणि अस्वल येतं. अस्वलाला मोह आपल्यापेक्षा जास्त आवडतो. त्याला दिसतं कमी, खाली मान घालून ते खात राहतं. आपणही खाली मान घालून वेचत राहतो. दोघांनी एकमेकांना पाहिलं की फार उशीर झालेला असतो. अस्वल मुद्दाम माणसाला मारत नाही हो, ते दचकतं. पण दचकलं की थेट तोंडावर येतं.

म्हणून आमचे नियम साधे होते. दिवस चांगला वर आल्यावर जा. एकटं जाऊ नका. वाटेत बोला, खोका, काठी आपटा. अस्वल लांब दिसलं तर त्याच्याकडे तोंड ठेवून मागं मागं सरका, पळू नका. रस्त्यावर पोचलात की मोठ्यानं हाका मारा. आणि अंगावर आलंच तर पालथं पडा, तोंड मातीत, हात मानेवर, आणि ते जाईपर्यंत हलू नका.

पोरांना मी सरकायला शिकवायची आणि म्हाताऱ्यांना पालथं पडायला, कारण म्हाताऱ्यांना मागं सरकणं जमत नाही, धडपडतात. हेही कागदावर छान होतं. टोल्यावरच्या शाळेत मी हे सांगून संपवलं तेव्हा मंदानं हात वर केला. ती कधी हात वर करत नसे, म्हणून गुरुजीसुद्धा बघायला लागले. तिनं विचारलं, 'म्याडम, मी सरकलो, तं आजी?'

आमच्याकडे बायापोरीसुद्धा स्वतःबद्दल 'गेलो, आलो'च म्हणतात, त्यात काही चूक नाही. चूक माझ्या धड्यात होती, आणि ती तिसरीतल्या पोरीनं चार शब्दांत दाखवली. जंगलात पोरं वेगळी आणि म्हातारी वेगळी जात नाहीत. दोघं जोडीनं जातात, कारण एकीला गुडघे नाहीत आणि दुसरीला अक्कल कमी. मी म्हटलं, उद्या सांगते. दुसरं काय सांगणार?

गुरुजींना गाठून मी शनिवारी शाळेच्या मैदानात दोन्ही वर्ग एकत्र घ्यायचं ठरवलं. आज्या आल्या, नातवंडं आली. अस्वल व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा मीच काळं घोंगडं पांघरून अस्वल झाले. अंगानं मी तेव्हाही भरलेली होते, त्यामुळे सगळ्यांना पटलं. पोरं हसून लोळली. म्हाताऱ्यांना पालथं पाडणं मात्र कठीण गेलं. पुरुषांसमोर असं लोळायचं का, म्हणून बायांनी नाकं मुरडली. शेवटी गुरुजी आणि दोन म्हातारे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, तेव्हा कुठं आज्या हळूहळू मातीत आडव्या झाल्या. भागरता सगळ्यात आधी झाली. 'रोजच तं खाटेवर पडतो, आज मातीत पडून पाहू,' म्हणाली.

मी गुरगुरत आले. सगळी पोरं मागं मागं सरकत मैदानाच्या कडेच्या चिंचेपर्यंत गेली. मंदा आजीजवळ बसून राहिली, तिचा पदर मुठीत धरून. मी घोंगडं काढून तिला समजावलं. पुन्हा केलं. ती पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा मी जरा रागावलेच. तिनं मान खाली घातली, पण मूठ सोडली नाही. मी सरावच थांबवला आणि मोहफुलांचे लाडू वाटून सगळ्यांना घरी पाठवलं.

दुपारी भागरतानं मला तिच्या घरी बोलावलं. मंदाला पाणी आणायला पाठवलं. मग म्हणाली, 'बाई, हे पोरगी माहं आयकत नाही. तुमचं आयकल. तिले मले सोडून जायचं शिकवा.'

इतकी गावं फिरले, इतक्या म्हाताऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण असं काम मला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, आजी, तुम्हीच मोहाला जाऊ नका ना. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली. मोह सोडला तर त्या घरात खायचं काय, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच होतं.

त्या आठवड्यात मी टोल्यावर पुन्हा पुन्हा गेले. संस्थेतून विचारणा झाली की एकाच गावात इतकं पेट्रोल कशाला. मी काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मंदाला 'आजीला सोड' म्हटलं की ती दगड व्हायची. मग माझ्या लक्षात आलं की शब्दच बदलायला हवा. मी म्हटलं, 'सोडायचं नाही, मंदा. माणसं आणायला जायचं. आजीजवळ बसून तू अस्वलाला हाकलू शकतेस का?' नाही म्हणाली. 'बाजूच्या मोहाखालची माणसं हाकलू शकतात का?' हव म्हणाली. 'मग त्यांना कोण सांगणार?' दुसऱ्या दिवशी मी घोंगडं पांघरून आले, भागरता पालथी पडली, आणि मंदानं मूठ सोडली. तोंड माझ्याकडे ठेवून ती एकेक पाऊल मागं गेली. चिंचेजवळ पोचल्यावर वळली, आणि आजीनं शिकवल्याप्रमाणे मागं न पाहता रस्त्याकडे जाऊन हाका मारायला लागली. मागं न पाहायचं हे माझं नव्हतं, ते आजीनं घातलेलं होतं. मी तेव्हा विचारलंही नाही, काऊन म्हणून.

त्याच मोहाच्या हंगामात ते झालं. मी तेव्हा अर्जुनीकडे होते, त्यामुळे जे लिहिते ते नंतर ऐकलेलं आहे. दोघी नाल्याकाठच्या त्यांच्या मोहाखाली वेचत होत्या. ऊन चांगलं वर आलेलं होतं, नियम सगळे पाळलेले होते. अस्वल नाल्यातून वर आलं ते एकदम जवळच. भागरता 'जा' म्हणाली आणि पालथी पडली. मंदा मागं मागं सरकली, वळली, रस्त्यावर पोचली आणि हाका मारत सुटली. आसपासच्या मोहांखालचे लोक काठ्या घेऊन धावले तेव्हा अस्वल म्हातारीच्या अंगावर होतं. माणसांचा गोंगाट ऐकून ते पळालं. म्हातारीच्या डोक्याची कातडी सुटली होती आणि एक डोळा गेला होता. तिला आधी गोंदियाला आणि तिथून नागपूरला नेलं.

मी दवाखान्यात गेले तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. तिथून थेट टोल्यावर गेले. मंदा शेजारच्या सिंधूकडे होती. सिंधू तशी चांगली बाई, तिनं पोरीला घरात घेतलं होतं, जेवू घालत होती. पण जेवताना तीच म्हणत होती की बुढीले अस्वलाच्या तोंडी देऊन हे निंगून आली, एकदा मांगं वळूनसुद्धा पाह्यलं नाही. टोल्यावर सगळ्यांचं तेच बोलणं. ज्या माणसांना मंदानं हाक मारली होती, तीच माणसं हे बोलत होती. आणि माझ्याकडे बघून म्हणत होती, हिनंच शिकवलं पोरीले.

मी गुरुजींना घेऊन लोकांना गोळा केलं, समजावलं. पोर तिथं थांबली असती तर दोघी गेल्या असत्या, हे कितीदा सांगितलं. कुणी वाद घातला नाही. नुसते ऐकत राहिले, आणि उठून गेले. मी त्यांच्यावर फार चिडले होते. पण लुनावरून परत येताना मलाच वाटायला लागलं की मी त्या पोरीच्या हातून काय करून घेतलं हे? तिला जगायला शिकवलं, पण आता ती या टोल्यावर कुणाच्या तोंडाकडे बघून जगणार? मंदानं शाळा सोडली होती. बोलणं तर बंदच केलं होतं. मी तिच्याजवळ बसले तर ती उठून गोठ्यात गेली.

आईबाप रायपूरकडून परत आले, त्यांनी नागपुरात राहून म्हातारीचं औषधपाणी केलं. बऱ्याच दिवसांनी भागरताला घरी आणलं तेव्हा मी मुद्दाम गेले. अंगणात सगळा टोला जमला होता. म्हातारी खाटेवर बसली होती, डोक्याला पांढरं फडकं, चेहरा एका बाजूनं ओढलेला. तो बघवत नव्हता, आणि तरी सगळे बघत होते. तिनं एका डोळ्यानं एकेकाला ओळखून घेतलं, माझ्याकडे बघून मान हलवली. सिंधूनं तिच्या पायाशी बसून डोळे पुसले आणि म्हणाली की तुहं नशीब बलवत्तर म्हनून वाचली बाई, नाहीतर पोरीनं तं सोडलंच होतं. कुणी तिला गप्प बस म्हटलं नाही. मंदाचा बाप जमिनीकडे बघत होता.

भागरतानं विचारलं, पोरगी कोठी हाय? मंदा गोठ्याच्या दाराशी होती. आईनं तिला हाताला धरून आणलं. ती आजीच्या समोर उभी राहिली, पण वर बघेना. मला वाटलं आता ही पोर पळून जाते. ती पळाली नाही. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा तिच्या तोंडातून शब्द निघाला.

'आजी, मी मांगं पाह्यलो नाही.'

भागरतानं हात लांब करून तिची वेणी चाचपली, मग खांदा, मग हात. कुठं काही लागलेलं आहे का हे बघावं तसं.

'बेस केली,' ती म्हणाली. 'ते माह्या डोस्क्यावर होता. भेव मले त्याचा नव्हता. भेव होता का तू वापस येशीन. मंग तुहा आवाज आला, दुरून, रस्त्यावरून. तवा मले समजलं का पोरगी निंगली. मंग मी हाललोच नाही.'

मंदा तरीही वर बघत नव्हती. म्हातारीनं तिची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्या त्या चेहऱ्यासमोर आणलं आणि सगळ्या टोल्याला ऐकू जाईल असं म्हणाली, 'तू एकदा जरी मांगं पाह्यली असती ना मंदे, तं वापस फिरली असती, अन् मी उठलो असतो.'

मग मंदा रडायला लागली, आणि सिंधूही.